ताडमाड पोरांचा खेळ

नोव्हेंबर २००२. म्युनिचच्या ऑलिंपिक स्टेडियमवर बायर्न म्युनिच आणि बोरुसिया डॉर्टमुंड यांचा सामना चालू होता. दुसऱ्या सत्रात डॉर्टमुंडचा गोलकीपर येन्स लेहमान लाल कार्ड मिळून बाहेर गेला. बदली गोलकीपर उतरवायची सोय उरली नव्हती, तेव्हा हातमोजे चढवून गोलात उभा राहिला यान कोलर. चेक प्रजासत्ताकाचा हा स्ट्रायकर, उंची २ मीटर २ सेंटिमीटर. त्या दिवशी डॉर्टमुंडचा एकुलता एक गोलही त्यानेच मारला होता. सामना डॉर्टमुंडने २-१ असा घालवला, पण कोलर गोलात आल्यानंतर बायर्नला एकही गोल करता आला नाही. जर्मनीतल्या ‘किकर’ या क्रीडा नियतकालिकाने त्या आठवड्याच्या सर्वोत्तम अकरा जणांत त्याची निवड केली, तीही गोलकीपर म्हणून.

हा किस्सा ऐकला की समोरचा हमखास म्हणतो, ‘एवढा उंच माणूस, अडवणारच की!’ तिथे मला राहवत नाही. कोलर पोरवयात गोलकीपरचंच शिक्षण घेत होता, स्ट्रायकर तो नंतर झाला. चेंडूच्या रेषेत कसं यायचं, पुढे कधी सरकायचं, पडताना कोपर कसं वाचवायचं, हे सगळं त्याच्या अंगात आधीपासून मुरलेलं होतं. त्या दिवशी कामी आली ती लहानपणी घेतलेली मेहनत. पण लोकांनी पाहिली ती उंची, आणि तेवढ्यावर हिशेब मिटवला.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवतो. नोकरीतली बरीच वर्षं मैदानावर गेली. वर्गातलं एखादं पोर एका पावसाळ्यात ताडमाड वाढून येतं, तेव्हा त्याच्याविषयी सगळ्यांची मतं किती झटपट ठरतात ते मी दरवर्षी पाहतो. फुटबॉल असेल तर त्याला गोलात घाला. क्रिकेट असेल तर चेंडू हातात द्या, वेगात टाक म्हणावं. व्हॉलीबॉलला जाळ्याजवळ मधोमध उभं करा. बास्केटबॉलला तर विचारायचीही गरज नाही. हे ठरवणारी माणसं वाईट नसतात. त्यांत सहशिक्षक असतात, गावच्या क्लबातले काका असतात, कधी आईवडीलही असतात. पण त्या पोराला काय येतं आणि काय आवडतं, हा प्रश्न त्या गडबडीत कुणी विचारत नाही.

आमच्याकडे भातकापणी झाली की शेतांत फुटबॉल सुरू होतो. जमीन पुरती सुकलेली नसते, कापलेल्या रोपांचे खुंट तळपायाला टोचतात, मेरेवर चपलांचा ढीग पडतो आणि दोन बांबू रोवले की गोल तयार. हा खेळ गोव्यात १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम लायन्स यांनी आणला असं सांगतात. सासष्टी-बार्देशात तो चर्चच्या मैदानांवर वाढला. आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या पोरांचं पहिलं मैदान म्हणजे शेतच. अशाच एका शेतात मी एका आठवीतल्या मुलाला खेळताना पाहिलं. माझ्यापेक्षा उंच, हातपाय काटकुळे, आणि अर्थातच गोलात उभा. त्याचा संघ पुढे असला की तो गोल सोडून हळूहळू मध्यापर्यंत यायचा आणि बाकीचे ओरडून त्याला मागे पाठवायचे.

मला त्याच्या त्या पुढे येण्यात रस वाटला. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघून घ्यायचा. हे शिकवूनही भल्याभल्यांना जमत नाही. उंचावरून आलेला चेंडू छातीवर घेताना तो खांदे मागे न्यायचा, चेंडू छातीवरून मांडीवर उतरायचा आणि जमिनीला टेकायच्या आत डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मोकळ्या जागेत जायचा. तिथे आपला माणूस आहे हे त्याने आधीच पाहून ठेवलेलं असायचं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुठे खेळायला आवडतं? खाली मान घालून तो म्हणाला, ‘सर, म्हाका गोलकीपर नाका.’ मग थोडं थांबून, ‘हाफ.’ म्हणजे मधल्या फळीत.

त्याला हाफला घेतलं तेव्हा क्लबवाल्यांनी मला समजावलं, की मास्तर, देवाने दिलेली उंची वाया घालवताय. हा ‘वाया’ शब्द उंच पोरांच्या कपाळी कायमचा लिहिलेला असतो.

पीटर क्राउचचं उदाहरण मी त्यांना दिलं. इंग्लंडचा हा स्ट्रायकर २ मीटर १ सेंटिमीटर उंच, आणि इतका किडकिडीत की लहानपणापासून प्रेक्षकांच्या टवाळीचा धनी झाला. २००५ मध्ये लिव्हरपूलला गेला तेव्हा पहिल्या १८ सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. त्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर पोलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो मैदानात उतरला, तर खुद्द इंग्लंडच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. स्वतःच्या देशाचा शर्ट अंगावर आणि समोर स्वतःचीच माणसं ओरडताहेत, ही काय अवस्था असेल! हाच माणूस पुढे इंग्लंडसाठी ४२ सामन्यांत २२ गोल करून गेला. प्रीमियर लीगमध्ये हेडरने ५३ गोल केले, तो विक्रम आहे. पण मला त्याचे हेडर आठवत नाहीत. मला आठवतो तो २००६ मध्ये गालातासरायविरुद्ध पाठमोरा हवेत झेपावून मारलेला गोल, आणि २०१२ मध्ये स्टोककडून मँचेस्टर सिटीविरुद्ध मारलेली व्हॉली. चेंडू पायावर उचलला, वळला, आणि लांबून, कोनातून, जमिनीला न टेकू देता गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात. हे उंचीचं काम नाही, पायाचं आणि नजरेचं आहे. तरी समालोचक त्याच्याविषयी वर्षानुवर्षं म्हणत राहिले, की उंच माणसाच्या मानाने पाय चांगले आहेत. ते ‘मानाने’ मला अजून खटकतं. बुटक्या खेळाडूने हेडर मारला की आपण त्याच्या उडीचं कौतुक करतो. उंच खेळाडूने सुंदर पास दिला की आपल्याला आश्चर्य वाटतं, आणि त्या आश्चर्याखाली त्याची मेहनत झाकली जाते.

उंचीचा फायदा नसतो असं मी म्हणत नाही. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. थिबो कोर्त्वासारखा दोन मीटरच्या आसपासचा गोलकीपर पाय न उचलताही आडव्या दांडीला सहज हात लावतो. आपला गुरप्रीतसिंग संधू १.९७ मीटरचा, नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून युरोपात खेळून आला. बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटरवर, पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं जाळं २.४३ मीटरवर. तिथे उंची लागतेच. पण या उंचीची किंमत कुठे मोजावी लागते, ते प्रेक्षकाला दिसत नाही. गोलकीपरचंच बघा. वरचा चेंडू त्याचाच, पण जमिनीसरसा कोपऱ्यात येणारा चेंडू अडवायला तेवढं लांब शरीर खाली आणावं लागतं. गुडघा, कंबर, खांदा, एकामागून एक सगळं दुमडायचं, तेही निमिषात. उंच गोलकीपरला घडवताना सगळ्यात जास्त घाम याच कामावर गाळावा लागतो.

आणि हाडांचा हिशेब तर सरळ गणिताचा आहे. पावणेदोन मीटरचा एक माणूस घ्या आणि त्याच्याच बांध्याचा दोन मीटर दहा सेंटिमीटरचा दुसरा. उंची १.२ पट झाली. हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदावर ठरते, तो वाढला उंचीच्या वर्गाने, म्हणजे १.४४ पट. वजन वाढलं घनाने, म्हणजे जवळजवळ १.७३ पट. त्यामुळे प्रत्येक उडीनंतर पाय टेकतो तेव्हा हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जास्त भार पडतो. दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर मांडून दाखवतो, आणि मग याओ मिंगची गोष्ट सांगतो. चीनचा २.२९ मीटरचा हा बास्केटबॉलपटू २००२ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतला गेला. हात मऊ, फ्री थ्रो अचूक, खेळाची समज गाढ. पण पावलाची हाडं पुन्हा पुन्हा मोडत राहिली, शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०११ मध्ये, वयाच्या तिशीत, त्याला खेळ सोडावा लागला. पाकिस्तानचा मोहम्मद इरफान २.१६ मीटरचा, पाइपच्या कारखान्यात काम करून क्रिकेटमध्ये आलेला. त्यालाही दुखापतींनी फार खेळू दिलं नाही. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा गोलंदाज ब्रूस रीड याचा खेळ पाठीच्या दुखण्यापायी संपला.

ज्यांचं शरीर टिकलं, त्यांनी तरी काय केलं? वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज जोएल गार्नर २ मीटर ३ सेंटिमीटर. एवढ्या उंचीवरून चेंडू आपटला की तो छातीशी येणार, हे फलंदाजाला ठाऊकच. गार्नरने घोटून घेतला तो यॉर्कर, थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू. १९७९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर त्याने इंग्लंडचे पाच गडी ३८ धावांत घेतले, त्यातल्या चौघांचे त्रिफळे उडाले. उंचीने त्याला जे फुकट दिलं नव्हतं, तेच त्याने कमावलं.

माझ्या त्या हाफवर नववीत वाईट दिवस आले. हाडं आधी वाढतात, स्नायू आणि तोल मागून येतात. मुलांच्या वाढीचा जोर साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी असतो आणि त्या एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर सहज वाढतात. त्या काळात कालपर्यंत जमत असलेला पास आज जमत नाही, कारण पाय कालच्यापेक्षा लांब झालेला असतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाला गाठ येऊन दुखू लागतं. उडी मारली की जास्त. याचंही नाव आहे, ऑसगुड-श्लाटर, आणि बहुतेकांचं ते वाढ पुरी झाली की आपोआप जातं. पण त्या महिन्यांत पोराला कुणीतरी सांगायला हवं की तू बिघडलेला नाहीस. मी त्याच्या उड्या कमी केल्या, पळणं निम्म्यावर आणलं, आणि चेंडू घेऊन भिंतीशी पास मारायला लावलं, दोन्ही पायांनी, रोज. तोच काळ होता जेव्हा बाकीचे मला म्हणाले, बघा, आता तरी गोलात घाला.

इंग्लंडमधल्या काही अकादम्यांत हल्ली पोरांचे गट जन्मतारखेवर न पाडता शरीराच्या वाढीवर पाडून सामने खेळवतात. आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. चौदा वर्षांखालच्या निवडीत जो आधी वाढला तो निवडला जातो आणि जो उशिरा वाढणार आहे तो घरी जातो. लिओनेल मेस्सीला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती, उपचार घेऊनही तो १.७० मीटरवर थांबला. आमच्या तालुक्याच्या निवड चाचणीत पहिल्या फेरीतच तो घरी गेला असता. आणि लवकर वाढलेल्या पोराचंही भलं होत नाही. दोन वर्षं तो नुसत्या धक्क्यावर जिंकतो, पायाचं काही शिकत नाही, आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की उघडा पडतो.

आता जे सांगतो ते प्रत्येक पीटी शिक्षकाने आणि उंच मुलांच्या प्रत्येक आईवडिलांनी ध्यानात ठेवावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, उंची १.९६ मीटर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं. पुढे ती जपानच्या लीगमध्ये खेळायला गेली. २४ जानेवारी १९८६ रोजी मात्सुए इथे सामना चालू असताना तिला बदलून बाकावर बसवलं, आणि बसल्या जागी ती कोसळली. वय ३१. आधी सगळ्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. शवविच्छेदनात कळलं की हृदयातून निघणारी मुख्य धमनी फाटली होती. तिला मार्फन सिंड्रोम होता आणि तो कुणालाही ठाऊक नव्हता. या जन्मजात विकारात शरीराला बांधून ठेवणारी ऊतीच कमकुवत असते. अंग उंच आणि सडपातळ होतं, बोटं लांब होतात, सांधे जास्त वाकतात, आणि महाधमनी हळूहळू फुगत जाते. म्हणजे ज्या बांध्याकडे बघून आपण पोराला संघात घेतो, तो बांधाच कधीकधी आजाराची खूण असतो. २०१४ मध्ये आयझेया ऑस्टिन या २.१६ मीटरच्या बास्केटबॉलपटूला एनबीएच्या निवडीच्या अवघे काही दिवस आधी तपासणीत हेच निदान झालं. त्याचं स्वप्न तिथे थांबलं, पण जीव वाचला.

मार्फन साधारण पाच हजारांत एकाला असतो. बहुतेक उंच मुलं ठणठणीत असतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण पाहायला काय हरकत आहे? मुलाला मूठ वळायला सांगा, अंगठा आत ठेवून. अंगठ्याचं टोक करंगळीच्या पलीकडे नखाएवढं बाहेर येत असेल, एका हाताच्या अंगठ्या-करंगळीने दुसरं मनगट धरल्यावर बोटं एकमेकांवर चढत असतील, पसरलेले हात उंचीपेक्षा लक्षणीय लांब भरत असतील, तर डॉक्टरला दाखवा आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. हाफला खेळणाऱ्या माझ्या त्या मुलाचा अंगठा असाच बाहेर येत होता. मी त्याच्या घरी गेलो. वडील खाणीवरच्या ट्रकावर होते, आई एकटी होती. ‘सर, चांगला धडधाकट पोर माझा, सगळ्या गावाची दृष्ट लागेल असा. त्याला हार्टच्या डॉक्टराकडे कशाला?’ तिच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. मी तिला फ्लो हायमनची गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हटलं, की वहिनी, मोटार नवी असली तरी लांब जायच्या आधी आपण ब्रेक बघून घेतोच ना. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, इको झाला. हृदय निकोप निघालं, अंगठा नुसताच लांब होता. डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली, तेव्हा त्या माउलीने तिथल्या तिथे शांतादुर्गेला हात जोडले.

मनूट बोलची आठवण मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. सुदानच्या डिंका जमातीतला २.३१ मीटरचा हा बास्केटबॉलपटू. १९८७-८८ च्या हंगामात वॉशिंग्टनच्या संघात त्याच्याबरोबर मग्सी बोग्ज होता, १.६० मीटरचा. दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायची कोण हौस होती लोकांना! बोलने १९८५-८६ या आपल्या पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे ३९७ फटके अडवले होते, आणि बोग्ज पुढे एनबीएत चौदा हंगाम टिकला. त्या फोटोंत यातलं काहीच दिसत नाही. बोलने मिळवलेल्या पैशातला मोठा वाटा सुदानच्या युद्धात होरपळलेल्या आपल्या माणसांसाठी खर्च केला. पैसा संपला तेव्हा पोरांसाठी निधी जमावा म्हणून तो टीव्हीवरच्या तमाशासारख्या मुष्टियुद्धातही उतरला. लोक त्याची उंची बघायला आले, त्याने तीही आपल्या माणसांच्या कामाला लावली. २०१० मध्ये तो गेला.

सध्या माझ्या डोक्यात सत्तरीतली एक मुलगी आहे. सत्तरीत संध्याकाळी गावागावांत व्हॉलीबॉलची जाळी लागतात आणि पोरींचाही खेळ तिथे जोरात असतो. अकरावीतल्या या मुलीची उंची सहा फुटांना टेकलेली. उभी राहते ती खांदे पाडून, पाठीला बाक काढून. खाजगी मिनीबसमध्ये मान वाकवून उभं राहायची सवय लागली आहे, आणि घरी आजी रोज म्हणते, हिला जोडीचा नवरा कुठून आणायचा. मुलाच्या उंचीचं कौतुक तरी होतं. मुलीची उंची घरात काळजी होऊन बसते. फ्लो हायमनलाही पोरवयात आपल्या उंचीचा संकोच वाटे म्हणतात. कोर्टवर मात्र या पोरीची पाठ आपोआप सरळ होते.

तिला सेटर व्हायचं आहे, म्हणजे हल्ला करणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी. तिच्या हातात चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि बोटांतून फिरकी न घेता सुटतो, समोरच्या ब्लॉकरला शेवटपर्यंत कळत नाही की तो पुढे जाणार की मागे. पण सहा फूट म्हटल्यावर सगळ्यांना ती जाळ्यामधोमध हवी आहे. धावपटू उसेन बोल्टचंही असंच झालं होतं. तो १.९५ मीटरचा, त्याचे प्रशिक्षक ग्लेन मिल्स त्याला ४०० मीटरकडे वळवू पाहत होते. शंभर मीटरचा हट्ट त्याचा स्वतःचा. २०० मीटरचा जमैकाचा विक्रम मोड, मग धाव शंभर, अशी अट मिल्सनी घातली. २००७ मध्ये त्याने तो मोडला, आणि दोन वर्षांनी बर्लिनला ९.५८ सेकंद. लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात रशियाचा व्हॉलीबॉल संघ ब्राझीलकडे पहिले दोन सेट गमावून बसला होता. तेव्हा प्रशिक्षक व्लादिमीर अलेकनो यांनी २.१८ मीटरच्या दिमित्री मुसेरस्कीला मधल्या ब्लॉकरच्या जागेवरून काढून उजव्या टोकाला हल्ल्यासाठी लावलं. त्याने ३१ गुण घेतले, रशिया ३-२ ने जिंकली. सुवर्णपदक हातचं जायची वेळ आली, तेव्हा त्याला दुसरं काहीतरी करू दिलं गेलं.

तालुक्याच्या निवड चाचणीच्या अर्जात तिने जागेच्या रकान्यात सेटर लिहिलं आहे. परवा संघाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. बरा माणूस आहे, खेळावर जीव आहे त्याचा. म्हणाला, ‘सर, सेटर मला चार मिळतील, सहा फुटाची मुलगी कुठे मिळणार?’ मी त्याला म्हटलं, ‘दोन सेट तिला सेटर म्हणून खेळवा. तिच्या हातांकडे बघा, डोक्याकडे नको. मग आपण बोलू.’